श्रद्धा नेमकी कधी सुटते?

पायवाट

एखादा माणूस नास्तिक आहे हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "असं काय झालं तुझ्या बाबतीत?" विचारणाऱ्याच्या मनात बहुधा दोनच उत्तरं तयार असतात. एक तर याच्या आयुष्यात काहीतरी फार वाईट घडलं आणि हा देवावर रुसला, नाहीतर चार पुस्तकं वाचून याचं डोकं फिरलं. काहींच्या बाबतीत हे खरंही असेल. पण ज्या नास्तिकांशी माझं मोकळेपणाने बोलणं झालंय, त्यांतल्या फार थोड्यांना 'तो दिवस' सांगता येतो. बाकीच्यांना एवढंच आठवतं की प्रार्थना करताना कधीतरी जाणवलं, आपण कुणाशीच बोलत नाही आहोत. आणि हे काही आजचं नाही, बरेच दिवस असंच चाललंय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. बहुतेकांची श्रद्धा आधी वापरातून जाते आणि युक्तिवाद मागाहून येतात. आपण मात्र युक्तिवादांनाच कारण समजतो, कारण सांगायला तेच सोपे पडतात.

या विषयात चार्ल्स डार्विनचं नाव हमखास निघतं. उत्क्रांतीचा शोध लागला आणि त्याची श्रद्धा कोसळली, अशी एक गोष्ट सांगतात. दुसरी अशी की १८५१ साली त्याची दहा वर्षांची मुलगी अ‍ॅनी गेली आणि त्या दुःखात त्याचा देवही गेला. हाच माणूस तरुणपणी धर्मोपदेशक व्हायचं म्हणून केंब्रिजला शिकत होता. आत्मचरित्रात त्याने स्वतः जे सांगितलंय त्यात नाट्य जवळजवळ नाहीच. १८३६ ते १८३९ या काळात आपण धर्माचा पुष्कळ विचार केला असं तो म्हणतो, आणि अविश्वास इतक्या सावकाश आला की त्याचा त्रासही जाणवला नाही, शेवटी तो पूर्ण झाला, असं लिहितो. अ‍ॅनीच्या जाण्याने आत काही तुटलं असणारच. पण शंकांचं सत्र त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं.

दुःखाने श्रद्धा जाते हे आपण इतकं गृहीत धरतो की तपासून बघायचं सुचत नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनला भूकंप झाला तो सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्च माणसांनी भरलेली असताना. मागोमाग समुद्र शहरात घुसला, आणि मग आग लागली ती कित्येक दिवस विझली नाही. हजारो माणसं गेली, त्यातली कितीतरी प्रार्थना करता करता. व्हॉल्तेअर या फ्रेंच लेखकाने यावरून 'हे जग दयाळू देवाने रचलेलं सर्वोत्तम जग आहे' या कल्पनेवर कडाडून हल्ला चढवला, पण देव नाही असं तोही कधी म्हणाला नाही. आणि खुद्द लिस्बनमध्ये मालाग्रिदा नावाचा धर्मगुरू लोकांना सांगत होता की हा तुमच्या पापांचा दंड आहे, पश्चात्ताप करा.

अलीकडचं बघायचं तर फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च शहरात भूकंप होऊन १८५ माणसं दगावली. त्या देशात त्याच त्याच लोकांना ठरावीक काळाने प्रश्न विचारणारी एक मोठी पाहणी आधीपासून चालू होती, त्यामुळे भूकंपाआधीची आणि नंतरची उत्तरं ताडून बघता आली. ज्यांना भूकंपाची झळ बसली त्यांच्यात धर्माकडे वळणाऱ्यांचं प्रमाण वाढलेलं होतं. ज्यांना झळ बसली नाही त्यांच्यात श्रद्धा पूर्वीसारखीच हळूहळू ओसरत होती. युगांडा, सिएरा लिओन आणि ताजिकिस्तानमध्ये युद्धात पोळलेल्या लोकांचा अभ्यास झालाय, तोही याच दिशेने बोट दाखवतो. संकटात माणूस सहसा देवाला घट्ट धरतो.

मग सुटते कशाने? मला सगळ्यात पटलेलं उत्तर जोसेफ हेन्रिक या अभ्यासकाने २००९ मध्ये मांडलेल्या एका कल्पनेत आहे. लहान मूल मोठ्यांचं बोलणं ऐकतं, पण त्याहून बारकाईने ते बघतं की या बोलण्यापायी मोठी माणसं काय सोसतात. वेळ देतात का? पैसा देतात का? अडचणीचं असलं तरी करतात का? भूक मारतात का? ज्या घरात देवाबद्दल भरपूर बोललं जातं पण त्याच्यासाठी कुणी काहीच सोसत नाही, तिथे मूल न सांगता समजून जातं की ही बोलायची गोष्ट आहे. पुढे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका पाहणीत विल जर्वे आणि सहकाऱ्यांनी अश्रद्धेची वेगवेगळी कारणं एकमेकांशी ताडून बघितली. लहानपणी अशी कृतीतली श्रद्धा बघायला न मिळणं, हे त्यात सगळ्यात वजनदार निघालं.

थोडक्यात, पुष्कळ नास्तिक हे आस्तिक घरांतच घडतात, आणि घडवणाऱ्यांना त्याचा पत्ता नसतो. तुमचे अनुभव काय सांगतात? आस्तिकांनीही लिहा. उलट त्यांनी नक्की लिहा.

सूक्ष्मदर्शी

लेख आवडला, पण युक्तिवादांना तुम्ही फारच खालची जागा दिलीत. माझी श्रद्धा विचार करूनच गेली. सर्वशक्तिमान आणि सर्वदयाळू असा दोन्ही असलेला देव आणि जगातलं दुःख यांचा मेळ बसेना. खूप वाचलं, धर्माच्या बाजूचंही वाचलं, तरी बसेना. हा प्रश्न एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर सांगितला जातो, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुना. आपल्याकडे चार्वाक होतेच. त्यांचं म्हणणं आपल्याला बहुतांशी विरोधकांच्या ग्रंथांतून कळतं, चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांनी 'सर्वदर्शनसंग्रहा'ची सुरुवातच त्यांच्यापासून केली. इतकी शतकं खोडून काढावंसं वाटलं म्हणजे त्या युक्तिवादात दम असणारच ना? आणि पूर्वमीमांसक, म्हणजे वेदांतल्या यज्ञकर्मांचा अर्थ लावणारे विचारवंत, वेद मानूनही जगाचा कर्ता असा ईश्वर मानत नव्हते. ही सगळी माणसं घरात काही बघितलं नाही म्हणून तशी झाली का?

विश्लेषण करायची सवय असलेल्यांची श्रद्धा कमी असते, असंही संशोधन आहे.

पायवाट

ज्या संशोधनाबद्दल तुम्ही म्हणताय ते बहुतेक २०१२ चं असावं, 'सायन्स' या नियतकालिकात आलेलं. त्यातला एक प्रयोग फार गाजला होता. काही लोकांना शिल्पकार रोदँचा, विचारात बुडालेल्या माणसाचा पुतळा दाखवला, काहींना दुसरा एक पुतळा, आणि मग देवावर किती विश्वास आहे ते विचारलं. विचारमग्न पुतळा बघितलेल्यांचा विश्वास कमी भरला. २०१७ मध्ये तोच प्रयोग कितीतरी जास्त लोकांवर पुन्हा केला तेव्हा काहीच फरक दिसला नाही. मूळ लेखाचे एक लेखक तेच विल जर्वे, आणि तो निष्कर्ष टिकत नाही हे त्यांनी उघडपणे मान्य केलं. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. २०२१ च्या पाहणीतही विश्लेषक वृत्तीचा परिणाम दिसला, पण बेताचाच.

युक्तिवाद निकामी असतात असं मी म्हणत नाही. तुमच्या बाबतीत त्यांनीच काम केलं असेल. मला पडणारा प्रश्न असा: दुःखाचा तोच युक्तिवाद तितकीच हुशार माणसं वाचतात आणि श्रद्धाळू राहतात. तो एकाला लागू पडतो आणि दुसऱ्याला लागत नाही, हे कशामुळे?

कातळ

मी सहसा लिहीत नाही, फक्त वाचतो. आज लिहितो.

वडील अंथरुणाला खिळले होते तेव्हा आम्ही सगळे मनापासून प्रार्थना करायचो. मीही. त्यांचं जाणं मी स्वीकारलं होतं. माणसं जातात, आणि त्यांचं वय झालं होतं. आमच्या उपासना मंडळातले एक ज्येष्ठ भेटायला आले. सगळे त्यांना मानायचे. आईजवळ बसून, अगदी हळुवार आवाजात ते म्हणाले, "कुठेतरी तुमचा विश्वास कमी पडला हो." आईने मान खाली घातली. तिच्या हातात वडिलांचा चष्मा होता, त्याची दांडी ती उघडत होती आणि मिटत होती. तिने आयुष्यभर एक दिवस प्रार्थना चुकवली नव्हती.

मला त्या क्षणी देव नाही असं अजिबात वाटलं नाही. राग आला तो त्या गृहस्थांचा. पण त्यानंतर मी त्यांच्यासमोर बसू शकेना, मग मंडळात जाणं सुटलं, मग घरी करत होतो तेही सुटलं. बऱ्याच काळाने कुणीतरी विचारलं, तू मानतोस का? तेव्हा उत्तर शोधायला गेलो तर आत काही नव्हतं. पायवाट, तुम्ही 'वापरातून जाते' म्हणालात ते वाचून हे सगळं डोळ्यांपुढे आलं. आई अजूनही मानते. आणि खोलवर कुठेतरी तिला अजूनही वाटतं की तिचंच काही कमी पडलं. ते मला सगळ्यात जास्त लागतं.

आकाशदिवा

कातळ, तुमच्या आईला त्या माणसाने जे सांगितलं ते कुठल्याही धर्माच्या नावावर खपवता येणार नाही. मी श्रद्धाळू आहे, आणि हे आधी सांगितल्याशिवाय पुढचं लिहिणं मला बरं वाटलं नसतं.

आता माझं मत. पुष्कळांच्या नास्तिकतेत अहंकाराचा भाग असतो असं मला वाटतं. आपल्याहून मोठं कुणी आहे हे मान्य करायला वाकावं लागतं. तरुण वयात, थोडं यश मिळालं, चार लोक मानायला लागले की वाकणं नकोसं होतं. कातळ यांना हे लागू नाही, पण असे लोक मी जवळून बघितले आहेत. शिवाय माझं मूल गेलं तेव्हा मला देवाशिवाय दुसरं कुणी नव्हतं, हेही नोंदवून ठेवते. तो क्राइस्टचर्चचा अभ्यास माझ्यासाठी नुसता आकडा नाही.

सूक्ष्मदर्शी

आकाशदिवा ताई, तुमच्या दुःखापुढे वाद घालायची माझी इच्छा नाही. फक्त अहंकाराच्या मुद्द्याबद्दल लिहितो, कारण तो फार जुना आरोप आहे आणि एका माणसाने त्याला तुरुंगातून उत्तर दिलंय.

भगतसिंगांनी १९३० मध्ये लाहोरच्या तुरुंगात आपण नास्तिक का आहोत यावर लेख लिहिला तो नेमका याच आरोपावरून. सोबतचा एक कैदी म्हणाला होता, तुला प्रसिद्धी डोक्यात गेलीय, म्हणून तुझ्या आणि देवाच्या मध्ये काळा पडदा आलाय. भगतसिंग सांगतात की ते कट्टर आर्यसमाजी आजोबांच्या हाताखाली वाढले, शाळेच्या वसतिगृहात असताना गायत्री मंत्र तासन् तास जपायचे. १९२६ संपता संपता त्यांची खात्री पटली की जग निर्माण करणारी आणि चालवणारी शक्ती ही कल्पना निराधार आहे. तेव्हा त्यांना नावाने ओळखणारं फारसं कुणी नव्हतं. १९२७ मध्ये पहिल्यांदा अटक झाली तेव्हा पोलीस अधिकारी रोज दोन वेळा प्रार्थना कर म्हणून मागे लागले होते. सुखाच्या दिवसांत नास्तिक असणं सोपं, कसोटी आत्ता आहे, हा विचार त्यांनी तेव्हा स्वतःशीच केला, आणि प्रार्थना केली नाही. लेख लिहिताना फाशी समोर दिसत होती. मृत्यूनंतर काही नाही हे मानून, कुठल्याही बक्षिसाची आशा न ठेवता जाणं, यात अहंकारापेक्षा कितीतरी जास्त काहीतरी लागतं असं मला वाटतं.

आकाशदिवा

हे वाचून मी थांबले. भगतसिंगांच्या बाबतीत अहंकार हा शब्द मी वापरणार नाही. मी बघितलेल्या दोन-तीन माणसांवरून 'पुष्कळांच्या' असं म्हणायला नको होतं हेही मान्य. पण विश्वास न ठेवण्याची फॅशन म्हणून मिरवणारी माणसं असतात, एवढं तुम्हीही मान्य कराल.

सूक्ष्मदर्शी

असतात. मान्य.

नीरव

एक कारण अजून मोकळेपणाने आलेलं नाही, कातळ यांनी त्याला स्पर्श केला. संस्था. आयर्लंड बघा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथले दहातले नऊ कॅथलिक दर आठवड्याला चर्चमध्ये जात होते. पुढे धर्मसंस्थांच्या आश्रयाखालच्या शाळांमध्ये आणि अनाथगृहांमध्ये मुलांवर झालेले अत्याचार एकामागून एक बाहेर आले. २००९ चा सरकारी चौकशी अहवाल वाचवत नाही. २०१६ च्या जनगणनेत स्वतःला कॅथलिक म्हणवणारे ७८ टक्क्यांच्या आसपास होते, २०२२ मध्ये ६९ टक्के उरले. अत्याचार हे एकमेव कारण नाही. सुबत्ता आली, शिक्षण वाढलं, बायका कमावत्या झाल्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये तसला स्फोट न होताही 'कुठलाच धर्म नाही' म्हणणारे २०११ मध्ये सुमारे २५ टक्के होते ते २०२१ मध्ये ३७ टक्के झाले. पिपा नॉरिस आणि रोनाल्ड इंगलहार्ट या अभ्यासकांचं म्हणणं असं की जिथे आजारपण, म्हातारपण, बेकारी यांची भीती कमी होते तिथे धर्माची गरजही पिढीगणिक कमी होते. आकाशदिवा यांच्या अनुभवाचीच ही दुसरी बाजू वाटते मला: गरज मोठी असताना माणूस देवाकडे वळतो, आणि ती गरज इतर मार्गांनी भागायला लागली की पुढच्या पिढीला तिकडे वळायचं कारणच पडत नाही.

सक्तीने मात्र काय होईल हे सांगता येत नाही. पूर्व जर्मनी आणि पोलंड दोन्हीकडे देव न मानणारी राजवट चार दशकं होती. पूर्व जर्मनीत धर्म जवळजवळ पुसला गेला. पोलंडमध्ये चर्च हाच राष्ट्राचा आधार झाला आणि श्रद्धा उलट टणक झाली.

धुकं

ज्यांची श्रद्धा गेली आणि तरी जे आतच राहिले, त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. झाँ मेलिए हा फ्रान्समधल्या एका खेड्यातला पाद्री. चाळीस वर्षं त्याने बाप्तिस्मे केले, लग्नं लावली, मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हटल्या. १७२९ मध्ये तो वारला तेव्हा घरात त्याच्या हातच्या मोठ्या हस्तलिखिताच्या प्रती सापडल्या. आपण शिकवलं त्यातलं काहीही खरं नाही, देव नाही, असं त्याने सविस्तर लिहून ठेवलं होतं, आणि इतकी वर्षं फसवल्याबद्दल गावकऱ्यांची माफी मागितली होती. चाळीस वर्षं! मला त्या लिखाणापेक्षा त्याच्या रोजच्या सकाळींचा विचार जास्त छळतो. उठायचं, तो झगा चढवायचा, आणि समोर बसलेल्या बाईला सांगायचं की तुझं मूल स्वर्गात आहे.

उलट बाजूला मदर तेरेसा. त्यांची खाजगी पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. जवळजवळ पन्नास वर्षं आपल्याला देव जाणवत नाही, आत नुसता अंधार आहे, असं त्या आपल्या मार्गदर्शकांना लिहीत राहिल्या. ती पत्रं नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती. तरीही त्या शेवटपर्यंत श्रद्धाळूच राहिल्या, असं त्यांचे लोक म्हणतात आणि मलाही ते मान्य करावंसं वाटतं. आत काही न जाणवणं दोघांच्याही वाट्याला आलं होतं. एकाने ते 'नाही' म्हणून वाचलं, दुसरीने परीक्षा म्हणून. पायवाट यांनी वर विचारलेल्या प्रश्नाचं, एकाला लागू पडतं आणि दुसऱ्याला का नाही याचं, उत्तर इथे कुठेतरी असावं. माझ्याकडे ते नाही.

ओंजळ

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. माझा प्रश्न व्यवहाराचा आहे. माझी श्रद्धा जाऊन बराच काळ झाला. आई-बाबांना माहीत नाही. घरी गेले की आईबरोबर प्रार्थनेला बसते, ओठ हलवते. बाबांना कदाचित फरक पडणार नाही, पण आईला पडेल. तिला वाटतं की मेल्यावर आपण सगळे पुन्हा भेटणार आहोत. मी सांगितलं तर तिच्या हिशेबात मी त्या भेटीतून बाद होते. धुकं यांनी मेलिएबद्दल लिहिलेलं वाचून पोटात गोळा आला, कारण छोट्या प्रमाणात मी तेच करते आहे. सांगावं का? आणि कसं?

पायवाट

ओंजळ, डार्विनच्या घरातही हाच प्रश्न होता. त्याची बायको एमा मनापासून श्रद्धाळू. लग्नाआधीच त्याने तिला आपल्या शंका सांगितल्या होत्या. त्याच्या वडिलांनी तर बायकोपासून हे लपवून ठेव असा सल्ला दिला होता, तो त्याने ऐकला नाही. लग्नानंतर लवकरच एमाने त्याला एक पत्र लिहिलं, त्यात तिची भीती अगदी तुमच्या आईची आहे: आपण कायमचे एकमेकांचे राहणार नाही असं वाटलं तर मला फार दुःख होईल. डार्विनने ते पत्र जपून ठेवलं आणि खाली लिहून ठेवलं की मी गेल्यावर तुला कळू दे, कितीदा तरी मी याचं चुंबन घेतलंय आणि यावर रडलोय. त्यांचं मत शेवटपर्यंत जुळलं नाही. संसार चाळीसहून जास्त वर्षं झाला. ती चर्चला जायची, तो पुढे पुढे तिकडे जाईनासा झाला.

मी तुमच्या जागी असते तर सांगितलं असतं, कारण लपवण्याचा भार दोघींच्या मध्ये बसतो आणि आईला फक्त अंतर जाणवतं, कारण कळत नाही. पण कधी सांगायचं ते तुम्हीच ठरवा. तुमचं राहणं, शिक्षण त्यांच्यावर अवलंबून असेल, किंवा घरात मारहाणीची भीती असेल, तर गप्प राहण्यात काहीही खोटेपणा नाही.

आकाशदिवा

ओंजळ, मी आई आहे म्हणून सांगते. वादाचे मुद्दे घेऊन जाऊ नका. चार्वाक नको, भूकंप नको. पहिल्याच वाक्यात हे सांगा की तिने तुम्हाला वाढवण्यात काही चुकलेलं नाही. माझ्या मुलीने मला असं काही सांगितलं तर सगळ्यात आधी मी माझ्यातच खोट शोधेन, कातळ यांच्या आईसारखी. देवाचं पुढे बघता येईल.

आणि प्रार्थनेला शेजारी बसा, फक्त ओठ हलवू नका. तिला ते कळत असणार.

कातळ

आकाशदिवा, हे मी आईला कधी सांगितलंच नाही. उद्या फोन करतो.

ओंजळ

बाबा पुढच्या आठवड्यात बाहेरगावी आहेत, तेव्हा आई एकटी असेल. तेव्हाच बोलते. तिचा स्वभाव बघता ती आधी रडेल आणि मग प्रश्न विचारेल. कुणी आपल्या घरी असं बोललं असेल तर आईने नेमके कोणते प्रश्न विचारले ते इथे लिहाल का? त्यांची तयारी करून जायचंय.